नाकमास्तरची पेटी

दादा गेल्यापासून फोन येतायत. कोणी विचारतं कसा गेला, कोणी विचारतं माझं क्लॅरिनेट तिथेच आहे का. दोन्ही एका दमातच विचारतात. प्रत्येकाला तेच तेच सांगून मी थकले, म्हणून भाची म्हणाली आत्या, एकदाच सगळं लिहून टाक, मी सगळ्यांना पाठवते. तर लिहितेय. तुमची वाद्यं सगळी इथेच आहेत, फळीवर, झाकून ठेवलीत, काळजी करू नका.

आधी एक सांगते म्हणजे पुढचं कळेल. दादाचं स्वतःचं व्हायोलिन माझ्या शिलाई मशीनच्या बाजूला उभं असायचं, त्याच्या पेटीत. तो गेल्यापासून मी ती पेटी उघडली नव्हती. भाचीला ते व्हायोलिन तिच्या मुलीसाठी न्यायचं होतं, दादानंच कबूल केलेलं. दर फोनला विचारायची, आत्या, कधी येऊ? मी म्हणायचे ये गं, घाई काय. मला ती उघडायची नव्हती. कारण दादाच सांगायचा, बंद पेटी पहिल्यांदा उघडली की अर्धा वास तिथेच उडतो, उरलेला मग रोज थोडा थोडा जातो. त्याचे कपडे मी धुऊन देऊन टाकले, तेव्हा सुचलं नाही. उशी दवाखान्यातच राहिली. आता तो उरला असेल तर त्या पेटीत, असं माझ्या डोक्यात बसलं. पण बंद ठेवावी तर बंद पेटीला ओल धरते, आणि ओलीचा वास बाकी सगळ्यांना खाऊन टाकतो. हेही दादाचंच. म्हणजे उघडली तरी जाणार, नाही उघडली तरी जाणार. मी रोज सकाळी पेटीवरून फडकं फिरवायचे आणि तशीच ठेवायचे.

आता दादाबद्दल. रस्त्याकडची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान, मधे पडदा, मागे स्वयंपाकघर, बाजूला झोपायची एक अंधारी खोली. मी इथे आले ती थोड्या दिवसांसाठी. वहिनी गेली तेव्हा भाची एवढीशी होती, तिची वेणी घालायला कोणी नाही म्हणून आले. माझं तिकडे सासरी तसंही काही उरलं नव्हतं. थोडे दिवस म्हणता म्हणता भाचीचं लग्न होऊन तिला मुलगी झाली आणि मी इथेच. दादानं मला कधी राहा म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. एकदा कुठून तरी जुनं शिलाई मशीन घेऊन आला, खिडकीपाशी ठेवलं आणि म्हणाला, इथे उजेड बरा येतो. त्यातच काय ते आलं. मग मी पट्टे शिवायला लागले, पेट्यांना आतून मखमल लावायला लागले, अकॉर्डियनच्या भात्याच्या कोपऱ्यांना चामडं लावायला शिकले.

नाकमास्तर हे नाव त्याला रस्त्यानं दिलं. काही दुरुस्तीला आलं की तो आधी वाजवायचा नाही, बघायचा पण नाही. आधी वास घ्यायचा. व्हायोलिन असलं तर त्याच्या अंगावरच्या भोकाला नाक लावायचा. अकॉर्डियन असलं तर भाता हळू दाबून आतली हवा तोंडावर घ्यायचा, डोळे मिटून, जसं काही कोणी कानात सांगतंय. नवीन माणूस बघतच राहायचा. एक जण म्हणाला होता, "मास्तर, दुरुस्त करताय का चव घेताय?"

पण त्याला कळायचं. अकॉर्डियनच्या आत सुरांच्या पट्ट्या मेणावर बसवलेल्या असतात, आंबट वास आला म्हणजे ते मेण गेलं. उग्र वास आला म्हणजे आत उंदीर संसार करून गेला. ओला वास म्हणजे लाकूड जोडणारा सरस सुटत आलाय, सांधे कधीही उघडतील. नव्या गिटारला थिनरचा वास येत असला तर सांगायचा, हिला इतक्यात पेटीत घालू नका, पॉलिश आतून कच्चं आहे. लोक ऐकायचे नाहीत आणि मग गिटारच्या पाठीला मखमलीची लव चिकटवून परत यायचे.

जुन्याचा वास त्याला आवडायचा, नव्याचा नाही. जुनं वाद्य उघडलं की गजाला लावायची राळ, सरस, लाकूड, कोणाच्या हाताचा घाम, कोणाच्या घरातला धूर, असं एकामागे एक येतं. तो म्हणायचा, ह्याला बोलता येतं. नवं उघडलं की गोंद, प्लॅस्टिक आणि पुठ्ठा, बास. म्हणायचा, हे अजून जन्मलंच नाही. मी म्हणायचे, अरे जुनं पण कधीतरी नवंच होतं ना, त्यालाही असाच वास येत असेल की तेव्हा. तर म्हणायचा, तू शिव.

मग त्याला तो मोठा ताप आला. ताप गेला, खोकला गेला, चालायला फिरायला लागला, कामाला बसला. सगळं ठीक वाटलं. मी मागे कांदा चिरत होते आणि एकदम असा वास आला की माझ्या घशाशी आलं. सरस जनावराच्या कातड्याचा असतो, तो जळला की काय होतं हे ज्यानं भोगलंय त्यालाच माहीत. नाक दाबून पुढे धावले तर सरसाची वाटी शेगडीवर काळी पडून धुमसतेय, आणि दादा तिच्या शेजारी, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, लाकूड घासत बसलाय. गुणगुणतोय वर.

"दादा! सरस जळतोय!"

तो वळला. वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अरे, हो की."

"हो की काय? तुला वास नाही आला?"

"लक्ष नव्हतं."

"शेजारचे खिडक्या लावून घेतायत आणि तुझं लक्ष नव्हतं?"

 त्यानं राळेची डबी उघडून नाकाला लावली. मग पॉलिशची बाटली. मग स्पिरिटची. मग माझ्या हातातला अर्धा चिरलेला कांदा घेतला. सगळं एकेक करून हुंगलं आणि खाली ठेवलं. कांद्यानं डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या, पण वास नाही. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "सगळं पाणीच आहे गं."

डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. नाही आला.

मी त्याला खूप सांगितलं की तुझे कान आहेत, डोळे आहेत, हात तर आहेतच, नाकावाचून काय अडतंय? तर म्हणाला, "कानवाले गल्लोगल्ली बसलेत. लोक इथवर येतात ते नाकासाठी. ते नाही म्हटल्यावर मी कोण?" आणि मग, "कोणाला सांगायचं नाही. पोरीला पण नाही."

तेव्हापासून मी त्याचं नाक झाले.

असं चालायचं. गिऱ्हाईक आलं की दादा नेहमीसारखा वाद्य हातात घ्यायचा, नेहमीसारखे डोळे मिटायचा, सगळं नाटक करायचा. मग म्हणायचा, "जरा आत उजेडात बघून येतो." आत कसला उजेड, स्वयंपाकघरात दिवसा पण दिवा लावावा लागतो. पडद्यामागे येऊन वाद्य माझ्या नाकासमोर धरायचा आणि हळूच म्हणायचा, "सांग."

आता मला काय सांगता येणार? मला त्याच्यासारखे शब्द नव्हते. मी आपलं जे आठवेल ते सांगायचे. पहिल्यांदा म्हणाले, "मामाची छत्री." आमच्या मामाची एक छत्री होती, ती ओलीच गुंडाळून दाराआड ठेवायचा. दादाला लगेच कळलं. "ठिबकणारी, का कोपऱ्यात ठेवून विसरलेली?" मी म्हणाले, "विसरलेली." तो बाहेर गेला आणि गिऱ्हाइकाला ऐटीत म्हणाला, "ओल आहे, पण जुनी. सरस अजून धरून आहे."

मग ती आमची भाषाच झाली. मावशीचं कपाट म्हणजे डांबराच्या गोळ्या. मुठीतली नाणी म्हणजे पितळ. न्हाव्याचं दुकान म्हणजे स्पिरिट. नवी चप्पल म्हणजे नवा गोंद आणि रेक्झिन, समोरच्या नव्या वाद्यांच्या दुकानातून येणारा सगळा माल नवी चप्पलच असायचा. आणि मी काही सांगितलं की तो थांबायचा नाही. "आणि?" म्हणायचा. मी म्हणायचे बास, एवढंच. "नीट घे. आणि?" मी परत नाक लावायचे. खरंच खाली अजून काहीतरी असायचं.

सुरुवातीला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. पण मग त्याचा धाकच बसला. दुपारपर्यंत कांदा परतायचा नाही. डोक्याला वासाचं तेल लावायचं नाही. फरशीला फिनेल घालायचं नाही. मला नुसती शिंक आली तरी हा हातातलं काम टाकून पाणी उकळायला लावायचा, डोक्यावरून चादर घालून मला वाफ घ्यायला बसवायचा. मी चादरीतून म्हणायचे, "एवढी सेवा बायकोची केली असतीस तर." तो म्हणायचा, "तिला कुठे एवढं नाक होतं." आपण म्हणायचं काय! मी म्हणायचे, "मग माझ्या नाकाला कामावर ठेव आणि बाकी मला सोड." तर म्हणायचा, "बाकीची भाकरी कोण करणार?"

भाचीकडे जाऊन राहावं म्हटलं तर निघता यायचं नाही. मी नाही म्हणजे दुकान आंधळं. दिवसभर मशीन, स्वयंपाक, धुणं, आणि मधे मधे पडदा हलला की हातातलं टाकून नाक पुढे करायचं. रात्री पडले की उशीचा पण वास येत राहायचा, डोक्यात आपोआप, मामाची छत्री थोडी, साबण, आणि? झोपेत पण आणि. असा जीव शिणून गेला होता. पण हे त्याला म्हणता यायचं नाही. सकाळी उठून तो राळेची डबी उघडायचा, नाकाला लावायचा, परत बंद करायचा. रोज. बघवायचं नाही.

मग त्या नर्सबाईंचं अकॉर्डियन आलं.

नर्सबाई म्हणजे पलीकडच्या दवाखान्यात होत्या त्या, निवृत्त झालेल्या, जाड चष्मा, आवाज असा की गर्दी बाजूला व्हावी. त्यांच्या वडिलांचं अकॉर्डियन होतं, वडील जाऊन खूप वर्षं झालेली. म्हणाल्या दोन सूर उमटत नाहीत तेवढे करून द्या. त्याच दिवसांत मला सर्दी झाली. साधी नाही, डोकं नुसतं दगड. दादानं वाफ दिली, काढा दिला, शिव्या दिल्या, काही उपयोग नाही. अकॉर्डियन नाकासमोर धरून म्हणाला सांग, मी म्हणाले, "काही नाही. पाणी." तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. एका घरात दोन नाकं आणि दोन्ही बंद.

त्यानं थांबायला हवं होतं. पण नर्सबाई रस्त्यातून जाता येता हाक मारायच्या, "मास्तर, झालं का?" आणि दादाला लाज वाटायची की नाकमास्तरला चार दिवस वास कळत नाही म्हणजे काय. त्यानं भाता उघडून बघितलं. आत पांढरे पांढरे डाग. बुरशीच असणार, असं त्यानं डोळ्यांनी ठरवलं. आणि मग पुढचं त्यानं फार मन लावून केलं. आतला सगळा जुना कपडा खरवडून काढला, चामडं नवं लावलं, लाकूड स्पिरिटनं पुसलं, खिडकीत वाऱ्याला ठेवलं, पेटीची पण मखमल बदलली. माझ्याकडूनच शिवून घेतली. सूर तर असे लागले की ऐकत बसावं.

नर्सबाई आल्या. अकॉर्डियन मांडीवर घेतलं, पट्टा खांद्यावर चढवला. वाजवलं नाही. भाता उघडला, तोंड खाली नेलं आणि हळू दाबला. मी पडद्यातून बघत होते.  हे तर दादाच करायचा.

त्यांनी परत एकदा तसंच केलं. मग चष्मा काढून बाजूला ठेवला.

"हे माझं नाही," म्हणाल्या.

दादा म्हणाला, "तुमचंच आहे बाई. हा बघा इथे ओरखडा."

"ओरखडा आहे. बाबा कुठे गेले?"

"अं?"

"बाबांचा वास होता यात. तंबाखू आणि खोकल्याच्या गोळ्या. मला वाजवता येत नाही मास्तर, मी कधी शिकलेच नाही. मी नुसता भाता उघडायचे. कुठे गेला तो?"

दादा म्हणाला, "बुरशी होती आत."

"बुरशी? तुम्ही वास घेतलात ना? माझ्यासमोर घेतलात. बुरशीचा होता तो?"

आता इथे दादाला काहीही सांगता आलं असतं. तोंडात साखर होती त्याच्या, गिऱ्हाइकाला गुंडाळणं काही अवघड नव्हतं. त्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर एकदा फिरवला. मग म्हणाला, "बाई, मला वास येत नाही. ताप आला होता तेव्हा गेला तो परत आलाच नाही."

"मग इतके दिवस नाकमास्तर कोण?"

दादानं स्क्रू ड्रायव्हर पडद्याकडे केला. "ती."

आणि ती म्हणजे मी, तिथे उभी, नाक लाल, हातात रुमाल.

नर्सबाईंनी चष्मा परत चढवून मला नीट बघितलं. मग म्हणाल्या, "ह्या तर सर्दीनं बंद आहेत."

मला काय वाटलं कोण जाणे, मी मागे गेले आणि कचऱ्याचं पोतं ओढत आणलं. आमचा कचरा नेणारा त्या आठवड्यात आला नव्हता, त्याचं भलं होवो. पोतं जमिनीवर उलटं केलं. भुसा, तारा, चामड्याचे तुकडे, कॉर्क, कुठल्या कुठल्या वाद्यांतलं फेल्टचं जाड कापड, सगळं एकत्र. आम्ही तिघं खाली बसलो. दादा तुकडे उचलून द्यायचा, मी भुसा झटकायचे, आणि नर्सबाई नाकाला लावायच्या. आम्हा दोघांना काहीच कळत नव्हतं, नाक त्या एकट्यांनाच. "हे नाही. हे नाही. शी, हे काय आहे? हे नाही." दादा माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. मग एका तपकिरी चिंधीवर त्या थांबल्या. ती मांडीवर ठेवली. मग अजून एक. मग आणखी. मी उठून मखमलीच्या उरलेल्या तुकड्याची छोटी पिशवी शिवली, त्यात त्या चिंध्या भरल्या आणि पेटीच्या कडीला बांधून दिली.

जाताना दारात थांबून दादाला म्हणाल्या, "सूर चांगले लावलेत. आता वाजवायला शिकते, दुसरं करू काय." आणि मग अकॉर्डियनच्या पट्ट्याला नाक लावून म्हणाल्या, "तुमच्या घराचा वास लागलाय हो याला." मी म्हणाले कसला वास? त्या म्हणाल्या, "तुम्हाला नाही यायचा."

त्या दिवसापासून दादानं नियम केला की काढलेलं काहीही फेकायचं नाही. जुनं असेल ते पिशवीत घालून मालकाला द्यायचं. तुमच्यापैकी कित्येकांच्या पेटीला माझी पिशवी बांधलेली असेल, ती त्याचसाठी. काहींनी हसून विचारलं होतं, मास्तर, हा प्रसाद का? आता कळलं असेल.

नर्सबाईंनी कोणाला सांगितलं नाही. दादानंच सांगितलं सगळ्यांना. आत यायचं नाटक बंद केलं, पुढूनच हाक मारायचा, "ये गं, वास घे." काही गिऱ्हाइकं यायची बंद झाली, बाकीच्यांना काही फरक पडला नाही. नाव नाकमास्तरच राहिलं. आणि मग नवीनच सुरू झालं. काम नसलं की दुपारी पाय लांब करून विचारायचा, "आज कसला वास येतोय?"

"कांद्याचा."

"आणि?"

"फरशी पुसलीय त्याचा."

"आणि?"

"आणि काय दादा, दमले मी. पडू दे जरा."

"दमायला काय झालं, नाकच तर हलवायचंय. आणि?"

मग मी डोळे मिटून सांगायचे. पाऊस येणार आहे. शेजारी दूध लागलंय. तुझ्या शर्टाला राळ आहे. तो ऐकत ऐकत झोपून जायचा.

नात सुट्टीत यायची, भाचीची मुलगी. ती एकदा त्याच्या व्हायोलिनची पेटी उघडून नाक मुरडून म्हणाली, "आजोबा, हिला वास येतो." दादानं मला विचारलं, काय गं, कसला वास येतो माझ्या पेटीला? मी म्हणाले, "तुझाच येतो, दुसरा कसला." तो हसला. म्हणाला, "म्हणजे कठीणच आहे."

त्यानंतर त्याच्या छातीत पाणी झालं. एकदा दवाखाना, परत घर, परत दवाखाना. घरी असला की थोडा वेळ तरी टेबलाशी बसायचाच. मी औषधं आणायला जायचे, रांगेत उभी राहायचे, परत येऊन भाकरी टाकायचे. तो काय करत बसायचा ते बघायला मला डोळे उरले नव्हते. शेवटच्या वेळी गाडीत बसताना म्हणाला, "व्हायोलिन झालंय. पोरीला देऊन टाक, बंद ठेवू नको." आणि मग आत गेला तो गेलाच.

आणि मी बंदच ठेवली.

गेल्या रविवारी भाची न विचारता आली. मुलीची शिकवणी सुरू होणार होती. मी चहा ठेवला, मुद्दाम वेळ काढला, सगळ्यांची चौकशी केली. ती म्हणाली, "आत्या, तू देणार नसशील तर नाही म्हण, मी दुसरं बघते. पण असं टांगून ठेवू नको." मी म्हणाले, "देणार आहे गं. पण तूच उघड. माझ्याच्यानं होणार नाही. आणि हळू उघड."

तिनं पेटी टेबलावर ठेवली. कड्या काढल्या. मी जवळ जाऊन उभी राहिले, नाक पुढे, नेहमीसारखी. झाकण उचललं.

नवी चप्पल.

मी परत नाक लावलं. नवा गोंद, नवी मखमल, पुठ्ठा. निळी मखमल, माझ्याच फडताळातली, मला वाटलेलं कोणाच्या कामाला वापरली असेल. कडा जरा वाकड्या कापलेल्या, हात थरथरत होते ना त्याचे. व्हायोलिन पण स्पिरिटनं पुसून लख्ख. नातीला वास येऊ नये म्हणून सगळं नवं केलं होतं त्यानं. त्याला काय कळणार त्यानं काय पुसून टाकलं. त्याला ते सगळं पाणीच होतं.

मी पिशवी शोधली. कडीला नव्हती, आत नव्हती, टेबलाच्या खणात नव्हती. जुनं ते मालकाला द्यायचं, आणि मालक तोच. त्यानं टाकून दिलं असणार. पोतं तर केव्हाच गेलं होतं.

मी खाली बसले. इतके दिवस मी रोज फडकं मारून राखलं ते काय, तर गोंद. रडू पण येईना. नुसता शीण आला, वाटलं आता कोणी उठ म्हणू नये.

"आत्या," भाची म्हणाली. तिचा आवाज कसातरीच आला. बघते तर पेटीत तोंड घालून उभी.

"काय झालं?"

"घराचा वास आहे."

"गोंद आहे तो."

"गोंद आहे वर. खाली घर आहे. अगं लहानपणी शाळेतून आले की दार उघडल्यावर यायचा तोच. तुला येत नाही?"

मी उठून परत घेतला. नवी चप्पल. बास. "नाही," म्हणाले.

"तुला कसा येईल, तू इथेच राहतेस."

आयुष्यभर दुसऱ्यांची घरं हुंगली मी, उंदीर, छत्र्या, कपाटं सांगितली, आणि हे एक नाक लावून कळेना. मी तिचा हात धरून तिला स्टुलावर बसवलं, दादाच्या. पेटी तिच्या मांडीवर ठेवली. मी समोर जमिनीवर बसले.

"सांग," म्हणाले.

"काय सांगू? मला नाही तुमच्यासारखं येत."

"जे आठवेल ते सांग."

तिनं डोळे मिटले. "सरस. शिजत असतो तसा, जळलेला नाही. मग तुझ्या मशीनचं तेल. आणि ती... बाबांची ती डबी..."

"राळ."

"हां, राळ. आणि चहा उतू गेल्यासारखं, शेगडीवर."

"आणि?"

"आणि बाबा."

"बाबा म्हणजे कसा? नीट घे."

तिनं परत तोंड आत घातलं, बराच वेळ. "आत्या, दमले गं मी. प्रवास करून आलेय."

"दमायला काय झालं, नाकच तर हलवायचंय," मी म्हणाले. "आणि?"